एकही हेलपाटा वाया जाऊ नये

प्रश्न एका तरुण डॉक्टरांचा आहे. सहा महिन्यांपूर्वी ते एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. ते लिहितात, "प्रत्येक मीटिंगला 'व्यवस्थापन सुधारा' हे ऐकतो. रजिस्टरं, स्टॉक, ड्युटी चार्ट, ऑनलाइन नोंदी यांत निम्मा दिवस जातो. यानं रुग्ण खरंच बरे होतात का? की चांगला डॉक्टर आणि पुरेशी औषधं असली की झालं, बाकी सगळं वरच्यांसाठीचं कागदकाम?"

डॉक्टर, मी बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या आरोग्य केंद्रांत काम करते आहे. एक केंद्र मराठवाड्यातलं, एक घाटमाथ्यावरचं, आणि सध्याचं विदर्भातलं. तुमचा वैताग मला चांगला ठाऊक आहे. तरी उत्तर आधीच सांगते: हो, बरे होतात. आणि व्यवस्थापन ढिलं असेल तर बिघडतातही, कधीकधी दगावतात. फक्त व्यवस्थापन म्हणजे काय, ते आपण मीटिंगमध्ये ऐकतो त्याहून वेगळं आहे. खेड्यातल्या माणसाला दवाखान्यात येणं म्हणजे एक अख्खा दिवस घालवणं असतं. तो आला आणि ज्यासाठी आला ते न मिळता परत गेला, तर गावाकडे त्याला हेलपाटा पडला म्हणतात. माझ्या लेखी आरोग्य केंद्र चालवणं म्हणजे लोकांचा हेलपाटा वाया जाऊ न देणं. बाकी सगळं त्याच्या पोटात येतं.

मराठवाड्यातल्या केंद्रात एक आजी यायच्या. साठीच्या आसपास वय, शेतमजुरी करायच्या. गावातल्या शिबिरात बीपी १८०/११० निघाला म्हणून आशाताईंनी त्यांना आमच्याकडे धाडलं. गावापासून फाट्यापर्यंत चालत, तिथून एसटीनं. पहिल्या महिन्यात गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या महिन्यात आल्या तेव्हा गोळ्या संपलेल्या, "पुढच्या सोमवारी या." पुढच्या सोमवारी गोळ्या आल्या होत्या, पण औषध निर्माण अधिकारी (फार्मासिस्ट) तालुक्याला मीटिंगला गेलेले आणि खिडकी बंद. तिसऱ्यांदा आल्या तर पुन्हा साठा संपलेला, हातात बाहेरून घेण्याची चिठ्ठी. त्यानंतर आजी आल्याच नाहीत, आणि आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. ओपीडीचं रजिस्टर आलेल्यांची नोंद ठेवतं. न आलेला माणूस त्यात कुठेच दिसत नाही.

दीड वर्षानं त्यांना आणलं ते बाजेवर घालून. उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, वाचा गेलेली. त्यांचा मुलगा शांतपणे म्हणाला, "बाई, गोळी खायची हो ती. पण मिळना." त्या रात्री मी त्यांची जुनी नोंद शोधून काढली. निदान बरोबर होतं, डोस बरोबर होता, आणि औषध अ‍ॅम्लोडिपिन होतं, आपल्या यादीतल्या अगदी स्वस्त गोळ्यांपैकी एक. वैद्यकशास्त्रात काहीच चुकलं नव्हतं. चुकले होते ते तीन हेलपाटे.

आता जरा हिशेब मांडू. सपाटीवर एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे ३०,००० लोकसंख्या धरतात, आदिवासी आणि डोंगरी भागात २०,०००. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या पंधरा वर्षांवरच्या बायकांत २१ टक्के आणि पुरुषांत २४ टक्के जणांना रक्तदाबाचा त्रास आढळला. म्हणजे तुमच्या ३०,००० च्या वस्तीत ढोबळमानानं पाच हजार माणसं. ती सगळी सापडली आणि दर महिन्याला गोळ्यांना आली, तर महिन्याच्या पंचवीस ओपीडींत रोज दोनशे माणसं नुसती बीपीची. ताप, जुलाब, गरोदर बायका, कुत्रं चावलेले, विळा लागलेले, हे सगळे वेगळेच. समोर डॉक्टर एक, फार तर दोन, आणि औषधाची खिडकी एक. तिथे कितीही हुशार फिजिशियन आणून बसवा, दुपारी बारापर्यंत त्याचंही डोकं चालेनासं होईल. ज्याचा बीपी आटोक्यात आहे अशा माणसाला मुळात तुमच्यासमोर आणायचंच कशाला? त्याचा बीपी गावाजवळच्या उपकेंद्रात मोजता येतो, गोळ्या तिथेच देता येतात. २०१८ नंतर बऱ्याच उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले आहेत, त्यांचा खरा उपयोग इथे आहे. गोळ्या तीसऐवजी साठ दिवसांच्या दिल्या तर गर्दी निम्म्यावर येते. यात डॉक्टरकीचा एकही नवा धडा नाही, आणि तरीही पक्षाघात टळतात ते यातूनच.

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये पाच राज्यांत सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यात आपल्याकडचे भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. त्याकडे मी फार बारकाईनं पाहिलं. त्यात नवं औषध नव्हतं. सगळ्यांसाठी एकच ठरलेली उपचारपद्धती, मोजक्या दोन-तीन गोळ्या, प्रत्येक रुग्णाचं कार्ड, आणि ठरल्या तारखेला न आलेल्यांची यादी. 'एकच पद्धत' म्हटल्यावर पुष्कळ डॉक्टरांना आपल्या स्वातंत्र्यावर गदा आल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण एका केंद्रात तीन डॉक्टर तीन वेगवेगळ्या गोळ्या लिहीत असतील, तर पुढच्या तिमाहीत काय किती लागेल हे कोणीही सांगू शकत नाही. पद्धत एक झाली की गरजेचा अंदाज बांधता येतो, अंदाज बांधता आला की साठा टिकतो, आणि साठा टिकला की आजींचा हेलपाटा वाचतो.

मागणीपत्रातली एक फसगत मुद्दाम सांगते, कारण ती मला कळायला आठ वर्षं लागली. समजा, वर्षभरात तुमच्याकडे अ‍ॅम्लोडिपिनच्या २४,००० गोळ्या खपल्या. बाराने भागून महिन्याला २,००० असा खप धरला जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा २४,००० मागितल्या जातात. पण त्या वर्षात चार महिने गोळ्या नव्हत्याच! खरा खप आठ महिन्यांचा, म्हणजे महिन्याला ३,०००, आणि वर्षाची गरज ३६,००० ची. तुटवड्याचे महिने हिशेबात धरले की तुटवडाच पुढच्या वर्षीचं मागणीपत्र लिहितो. कागदावर मात्र 'मागणीइतका पुरवठा' असं सुरेख दिसतं. औषध निर्माण अधिकाऱ्यांसोबत एक दुपार बसा, महत्त्वाच्या पंधरा-वीस औषधांचा शून्य साठ्याचे महिने वगळून खप काढा, आणि तीन महिन्यांचा साठा उरला की मागणी गेलीच पाहिजे असं ठरवून टाका. पुरवठा वरून उशिरा येतो, हे खरं आहे. पण खरा आकडा मांडून मागितलेलं आणि अंदाजानं मागितलेलं, यांत वरच्या कार्यालयातही फरक पडतो, हा माझा अनुभव आहे. मध्ये खंड पडलाच तर केंद्राच्याच रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून स्थानिक खरेदीचा मार्ग आहे. समितीची बैठक वेळेवर लागली असेल तर.

मराठवाड्यातली आणखी एक गोष्ट. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि परततात ते मार्च-एप्रिलला. बीपीचे, साखरेचे, क्षयाचे रुग्ण आणि गरोदर बायकासुद्धा त्यांच्यासोबत जातात. पहिली दोन वर्षं मी त्यांना 'उपचार सोडलेले' असा शिक्का मारत होते. नंतर आशाताईंकडून सप्टेंबरातच यादी घ्यायला लागले: कोण जाणार, कोणत्या कारखान्याकडे, मुकादमाचा फोन कोणता. जाणाऱ्याच्या हातात शक्य तितक्या गोळ्या आणि औषधांची नावं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं कार्ड. इतकंच. पण त्या माणसाला तीनशे किलोमीटरवरच्या दवाखान्यात आपला आजार पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही.

आता तातडीच्या रुग्णांबद्दल. इथे व्यवस्थापनाचा परिणाम दीड वर्षानं नाही, अर्ध्या तासात दिसतो. घाटमाथ्यावरच्या केंद्रातली जुलैची रात्र. भातलावणीहून परतताना एका पंचविशीतल्या मुलाला घोणस चावली. आणला तेव्हा पाय मांडीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवलं, ते गोठलं नव्हतं, म्हणजे विष भिनलं होतं. सर्पदंशाची लस, म्हणजे विषावरचा उतारा, होती, भरपूर होती, पण औषधभांडारात कुलुपाच्या आत. किल्ली औषध निर्माण अधिकाऱ्यांच्या खिशात, आणि ते रजेवर, आपल्या गावी. आमच्या परिचर मामांनी शेजारच्या घरातून पहार आणली. कुलूप जुनं, लोखंडी, तुटता तुटेना. मी एका हातानं मुलाची नाडी धरली होती आणि कान त्या कुलुपावरच्या घावांकडे. पस्तीस मिनिटं गेली. दहा व्हायल्स चढवल्या, गाडीत घातलं, जिल्ह्याला नेलं. मुलगा वाचला, पण त्याची मूत्रपिंडं अडखळली आणि डायलिसिसच्या फेऱ्या झाल्या. ती पस्तीस मिनिटं आधी मिळाली असती तर हे टळलं असतं का, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण लस सर्पदंशात जितकी लवकर तितकी बरी, हे आपण दोघंही शिकलोय.

औषध कुलुपात ठेवायचा नियम बरोबरच होता. दुसरी किल्ली रात्री कुठे असेल, हे मी ठरवलं नव्हतं, आणि ते ठरवणं माझं काम होतं. दुसऱ्या दिवसापासून तातडीची औषधं प्रसूतिगृहाशेजारच्या काचेच्या कपाटात आली. त्याला कुलूप नाही, कागदी सील. सील तुटलं की कोणी, कधी, कशासाठी, हे लिहायचं आणि चोवीस तासांत भरून पुन्हा सील लावायचं. भांडाराची दुसरी किल्ली पाकिटात घालून रात्रपाळीच्या सिस्टरांकडे.

त्या कपाटात काय हवं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण ज्या बारीकसारीक गोष्टींवरून माणसं जातात त्या सांगते. रक्त गोठण्याच्या चाचणीसाठी नवी, कोरडी काचेची नळी. प्लास्टिकची किंवा साबणानं धुतलेली नळी असेल तर चाचणी फसवते, आणि घाईच्या वेळी हाताला नेमकी तीच लागते. झटके येणाऱ्या गरोदर बाईला पुढे पाठवण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम. एका अँप्यूलमध्ये एक ग्रॅम असतं, म्हणजे दहा अँप्यूल लागतात. मी तपासणीला गेलेल्या कित्येक ठिकाणी 'आहे' म्हणून खूण केलेली असायची आणि ट्रेमध्ये अँप्यूल असायचे तीन. तीन म्हणजे नसल्यासारखेच. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला असतो, पण तो उघडायचा पाना सापडत नाही. आमच्याकडे तो सिलिंडरलाच दोरीनं बांधलेला आहे. बाळाला श्वास देण्याची बॅग असते, पण नवजात बाळाच्या मापाचा मास्क हरवलेला असतो. आणि ऑक्सिटोसिन, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन. ते दोन ते आठ अंश तापमानात राहायला हवं. विदर्भात एप्रिल-मेमध्ये प्रसूतिगृहाच्या ट्रेमध्ये दिवसचे दिवस पडलेलं ऑक्सिटोसिन बाईला टोचलं, रक्तस्राव थांबला नाही, की आपण 'गर्भाशय प्रतिसाद देत नाही' असं लिहितो. पुष्कळदा गर्भाशयाचा काही दोष नसतो.

विंचवाचंही तसंच. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र-रात्र उशाशी बसून पाहिले आणि पुढे प्राझोसिन या साध्या गोळीनं मृत्यू टळतात हे जगाला दाखवलं. पण त्या गोळीचा उपयोग दंश झाल्यावर लवकर दिली तर. रात्री दोन वाजता ती खणात नसेल, तर बावसकरांचं अर्ध्या आयुष्याचं काम त्या रात्रीपुरतं तरी तुमच्या गावात पोचलेलंच नाही.

वेळापत्रकाकडे आपण फार कमी लक्ष देतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळं मोफत झालं, त्याच वर्षी बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. तरी बुडालेली मजुरी कोण देणार? तुमच्या गावातल्या गाड्यांच्या वेळा एका कागदावर लिहा आणि शेजारी ओपीडीच्या वेळा लिहा. माझ्या सध्याच्या केंद्रात सकाळची गाडी साडेदहाला यायची, परतीची एकला. प्रयोगशाळा तंत्रज्ञ अकरापर्यंत नमुने घ्यायचे आणि रिपोर्ट 'उद्या या'. गरोदर बायकांनी हिमोग्लोबिनचा रिपोर्ट घ्यायला दुसऱ्या दिवशी परत यायचं, ही अपेक्षाच चुकीची होती. त्या यायच्या नाहीत, आणि अशक्तपणा कळायचा तो थेट बाळंतपणात. आम्ही गरोदर मातांचा दिवस आठवडी बाजाराच्या दिवशी नेला, रक्त आधी आणि तपासणी नंतर असा क्रम लावला, आणि रिपोर्ट एकच्या गाडीआधी हातात दिला. सिस्टरांचा विरोध होता, बाजाराच्या दिवशी आधीच गर्दी असते म्हणून. त्यांचं म्हणणं खरं होतं. म्हणून त्या दिवशी ड्रेसिंगला एक माणूस वाढवला, आणि किरकोळ कागदपत्रं, दाखले दुसऱ्या दिवसावर ढकलले.

नियमितपणाला किती किंमत आहे, याचा एक पुरावा मी नेहमी सांगते. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेसोबत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लसीकरणावर काम केलं, ते २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या गावांत काहीच वेगळं केलं नाही तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुलं ६ टक्के. जिथे ठरलेल्या दिवशी न चुकता शिबिर भरवलं तिथे १८ टक्के. शिबिरासोबत दर खेपेला किलोभर डाळ दिली तिथे ३९ टक्के. सगळे डाळीबद्दल बोलतात. मला त्यातला अठराचा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. नुसतं 'सांगितल्या दिवशी सिस्टर येतातच' एवढ्यानं प्रमाण तिप्पट झालं. आयांना लस नको होती असं नव्हतं, त्यांना हेलपाटा नको होता.

आता तुमच्या शंकेच्या बाजूचं बोलते, कारण ती शंका चुकीची नाही. उत्तर प्रदेशात २०१४ ते २०१६ या काळात १२० आरोग्य संस्थांमध्ये सुरक्षित प्रसूतीच्या तपासणीसूचीचा मोठा अभ्यास झाला. दीड लाखाहून जास्त बाळंतपणं. त्यांतल्या निम्म्या संस्थांत कर्मचाऱ्यांना शेजारी बसून शिकवलं, सूची वापरायला लावली. हात धुणं, ऑक्सिटोसिन वेळेवर देणं, बाळाला आईच्या अंगाशी ठेवणं, हे सगळं वाढलं. पण माता आणि बाळांच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. मी ते वाचलं तेव्हा फार अस्वस्थ झाले होते. पुढे पटलं की यात नवल नाही. सूची सांगते की रक्तस्राव होतोय का बघा. पण होतोय म्हटल्यावर पुढे कोण, कशानं, किती वेळात, आणि रक्त कुठे आहे, याची साखळी सूचीनं तयार होत नाही. भिंतीवरचा तक्ता हे व्यवस्थापन नव्हे, इतपत तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

साखळी म्हणजे शेवटी माणसं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यात तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हे १९९९ मध्ये जगापुढे आलं. लोक म्हणतात, कमी शिकलेल्या गावच्या बायकांनी हे केलं. खरंच केलं. पण त्या बायकांना पाठीशी घेणारं कोणीतरी ठरावीक दिवसांनी गावात येत होतं, त्यांची नोंद पाहत होतं, बाळाला हात लावून खात्री करत होतं. तेच काम देशभर आशाताईंकडे आलं तेव्हा गृहभेटींचे दिवस ठरले: तिसरा, सातवा, चौदावा, असे बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. आता तुमच्याकडे बघा. बाळंतीण केंद्रातून सुटी होऊन घरी गेली, हे आशाताईंना कधी कळतं? आमच्याकडे बरेचदा चौथ्या-पाचव्या दिवशी कळायचं, म्हणजे तिसऱ्या दिवसाची भेट गेलीच. आता सुटीच्या कागदावर सही करण्याआधी सिस्टर आशाताईंना फोन लावतात आणि बाळाचं वजन सांगतात. एक फोन. वजन कमी असलेलं बाळ असेल तर मी स्वतः बोलते.

कर्मचाऱ्यांना धाक दाखवून काम होतं, असं मानणाऱ्यांनी उदयपूरचाच दुसरा अभ्यास बघावा. नर्सेसच्या हजेरीवर यंत्रानं नजर ठेवली, गैरहजेरीला पगारकपात लावली. काही महिने हजेरी वाढली, आणि दीड वर्षाच्या आत परिणाम विरून गेला, कारण 'सूट दिलेले दिवस' वाढत गेले. माझा अनुभव असा की सिस्टर रात्री केंद्रावर का थांबत नाहीत, हे आधी त्यांना विचारावं. एका केंद्रात उत्तर निघालं, क्वार्टरच्या मागच्या दाराला कडी नाही आणि पाण्याची टाकी गळते. सुतार आणि प्लंबर मिळून दोन दिवसांचं काम होतं. ते झाल्यावर रात्रीची बाळंतपणं परत आमच्याकडे व्हायला लागली. त्याआधी माझ्या पूर्वीच्यांनी त्याच सिस्टरांना कारणे दाखवा नोटिसा दिलेल्या फाइलला होत्या.

नोंदींबद्दल एकच सांगते. तुमचं बीपीचं रजिस्टर उघडा आणि आकड्यांचे शेवटचे अंक बघा. सगळीकडे १२०/८०, १३०/८०, १४०/९० असेल, तर बीपी मोजला जात नाही, लिहिला जातो. रागावू नका. यंत्राचे सेल संपलेत का, दंडाला बांधायचा कफ फाटलाय का, एकाच सिस्टरकडे दिवसाला किती नोंदी आहेत, ते बघा. खोट्या नोंदीमागे जवळजवळ नेहमी एक न होणारं काम असतं. ऑनलाइन पोर्टलं कमी करणं आपल्या हातात नाही. पण एकच माहिती तीन वह्यांत लिहिणं आपण आपल्या केंद्रात थांबवू शकतो, आणि वाचलेला तास न आलेल्या रुग्णांच्या यादीला देऊ शकतो. आम्ही महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ती यादी काढून गावनिहाय आशाताईंना देतो.

रेफर करणं हाही हेलपाट्याचाच प्रकार आहे, आणि सगळ्यांत जिवावर बेतणारा. २०१४ पासून १०८ आहे, गाडी येते. पण अडलेली बाई ग्रामीण रुग्णालयात पोचते, तिथे भूलतज्ज्ञ नसतात, तिथून उपजिल्हा, तिथून जिल्हा. प्रत्येक दारात केसपेपर नवा, तपासणी नवी. गाडी निघण्याआधी पुढच्या ठिकाणी फोन करा आणि नेमकं विचारा, सिझेरियन आत्ता होईल का? नाही म्हणाले तर मधलं ठिकाण सोडून द्या. चिठ्ठीवर काय दिलं, किती वाजता दिलं, हे लिहा, म्हणजे मॅग्नेशियमचा डोस दुसऱ्यांदा पडत नाही. आणि दुसऱ्या दिवशी फोन करून बाईचं काय झालं ते विचारा. तो दुसऱ्या दिवसाचा फोन मी सर्वांत उशिरा शिकले. त्यातूनच मला कळलं की माझ्या कोणत्या चिठ्ठ्या वाचता येत नव्हत्या.

हे सगळं करून रिक्त पदं भरत नाहीत, ओढ्यावर पूल होत नाही, आणि दोन महिने पुरवठाच आला नाही तर उत्तम मागणीपत्रही गोळी तयार करत नाही. त्यासाठी भांडावंच लागतं, लेखी भांडावं लागतं. 'डॉक्टर आणि पुरेशी औषधं असली की झालं' असं तुम्ही लिहिलंत. औषध पुरेसं असणं हाच तर व्यवस्थापनाचा निम्मा भाग आहे, आणि डॉक्टर थकून न जाणं हा उरलेल्या निम्म्यातला मोठा.

सुरुवात कुठून करायची? एक शंभर पानी वही आणा आणि औषधाच्या खिडकीजवळ टांगा. जो कोणी ज्यासाठी आला ते न मिळता परत जाईल, त्याची एक ओळ: तारीख, गाव, काय हवं होतं, का मिळालं नाही. नाव लिहायची गरज नाही. गोळी नव्हती, सिस्टर शिबिराला गेल्या होत्या, लाइट नव्हती, रिपोर्ट उद्या मिळेल म्हणून सांगितलं, डॉक्टर मीटिंगला होते. तुमच्यामुळे परत गेलेलेही लिहायला सांगा, आणि ते लिहिलं म्हणून कोणाला बोलणार नाही असं सर्वांसमोर सांगा. आमच्याकडे पहिले आठ दिवस कोणी काही लिहिलं नाही. नवव्या दिवशी मीच पहिली ओळ लिहिली: 'एक बाई, तान्हं बाळ, मी फोनवर होते, गाडी चुकेल म्हणून निघून गेल्या.' त्यानंतर वही भरायला लागली. महिनाअखेरीस सगळ्यांना घेऊन बसा, परिचर मामांनाही, कारण परत जाणारा माणूस शेवटचं बोलतो ते त्यांच्याशीच. ज्या कारणाच्या ओळी सर्वांत जास्त असतील तेवढं एकच कारण पुढच्या महिन्यासाठी घ्या. पहिल्या महिन्याची पानं भरली की मला कळवा. तुमच्याकडे पहिलं कारण कोणतं निघतं, ते मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.